थोरली पाती, धाकटी पाती

नारायण पेठेत हल्ली कोणीही मला रस्त्यात अडवतो आणि विचारतो, विलायतेत सध्या कोणत्या पातीचा कारभार चालू आहे. विचारणाऱ्याला उत्तराशी काही कर्तव्य नसते. भाजी घेऊन घरी चाललेला असतो, वाटेत मी दिसतो, आणि टोपीकरांच्या भानगडी मला ठाऊक आहेत हे सगळ्या पेठेला ठाऊक आहे. मी म्हणतो, काल जिचा नव्हता तिचा. तो हसतो, मीही हसल्यासारखे करतो आणि पुढे निघतो. खरे तर त्या प्रश्नाने माझे डोके उठते. ज्या प्रश्नापायी आमच्या घरातल्या एका बाईची उमेदीची वर्षे गेली, तो प्रश्न लोक सुपारी कातरता कातरता विचारतात.

अजून शनिवारवाड्यावर जरीपटका आहे. श्रीमंत आहेत, दरबार भरतो, श्रावणात दक्षिणा वाटली जाते. पण मुळा-मुठेच्या संगमावर टोपीकरांचा बंगला आहे, गावाबाहेर त्यांची पलटण आहे, आणि वाड्यातला महत्त्वाचा हुकूम निघण्याआधी संगमावर फिरून येतो हे आता पोरासोरांनाही कळते. मी त्या फिरण्यातलाच एक माणूस. फडावर, म्हणजे सरकारी दफ्तरात, मी कारकून आहे. दरबारचे प्रश्न संगमावर न्यायचे आणि तिकडची उत्तरे घेऊन यायची, हे माझे काम. मला फारसी येते, तिथल्या मुनशीलाही येते, म्हणून ही माळ माझ्या गळ्यात पडली.

पाती म्हणजे काय, हे आमच्याकडे सांगावे लागत नाही. एका घराण्याच्या दौलतीचे दोन वाटे झाले की थोरल्या भावाची ती थोरली पाती, धाकट्याची ती धाकटी. विलायतेत राजाच्या सभेत दोन पक्ष आहेत आणि ते आलटून पालटून कारभार करतात, ही बातमी प्रथम मीच फडावर नेली. त्या पक्षांची खरी नावे कोणाच्या जिभेवर बसेनात. तेव्हा आमच्या वरिष्ठांनी पगडी सारखी केली आणि म्हणाले की जे फार दिवस गादीजवळ आहेत त्यांना थोरली पाती म्हणा, जे बाहेर बसून कुरकुरतात त्यांना धाकटी. सगळ्यांना ते पटले. मलाही पटले. नाव सोयीचे होते, आणि परकी गोष्ट आपल्या नावाने बोलता आली की ती समजली असेच माणसाला वाटते.

त्याआधीचे थोडे सांगायला हवे. माझा थोरला भाऊ, ज्याला आम्ही दादा म्हणत असू, उत्तरेकडच्या एका सरदाराच्या पदरी चिटणीस होता. अक्षर असे की वाचणाऱ्याने मजकूर विसरून अक्षरच पाहत बसावे. त्या सरदाराचे टोपीकरांशी युद्ध झाले, सरदार हरला, आणि छावणी लुटली गेली तेव्हा फरासीस सेनापतींना लिहिलेल्या पत्रांचे मसुदे सापडले. मजकूर धन्याचा होता, अक्षर दादाचे. पुढे धन्याशी तह झाला, त्याला त्याचा मुलूख बराचसा परत मिळाला, आणि अक्षर मुंबईच्या किल्ल्यात अडकून पडले. बाकीचे कैदी सुटले. दादाबद्दल संगमावरचे मोठे साहेब म्हणाले की फरासीसांशी आमची लढाई अजून चालू आहे, त्यांच्याशी संधान बांधणाऱ्या माणसाचा निकाल कलकत्त्याला होईल. कलकत्त्याने सांगितले की विलायतेला होईल.

घरात मी, माझी बायको आणि वहिनी. वहिनी वयाने माझ्याहून लहान, पण नात्याने मोठी, आणि माहेर सदाशिव पेठेतले, त्यामुळे जिभेला धार जन्मापासूनची. मी संगमावरून आलो की ओटीवरूनच विचारी, “काय म्हणतात तुमचे सोयरे?” मी म्हणे, काही नाही. ती म्हणे, “बरंय. काही म्हणाले असते तर आपल्यालाच समजून घ्यावं लागलं असतं.” आणि आत निघून जाई. तिने माझ्यासमोर डोळ्यांतून पाणी कधी काढले नाही. मला वाटते, काढले असते तर मला जरा सोपे गेले असते.

त्या सुमारास संगमावर एक तरुण साहेब आला. त्याला मराठी शिकायची होती, आणि शिकवणारा माणूस म्हणून त्याने मला धरले. पोरगा सरळ होता. त्याचा बाप विलायतेच्या त्या मोठ्या सभेत बसत असे, आणि बसत असे तो विरुद्ध बाजूच्या बाकावर. विरुद्ध म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा नीट कळेना. मुनशीने फारसीत शब्द दिला मुखालिफ, आणि मी तो फडावर जाऊन आपल्या भाषेत सांगितला फितुरी. दुसरा शब्दच सुचला नाही. राजाच्या कारभाऱ्यांसमोर उभा राहून तुम्ही देश बुडवत आहात असे जो रोज सांगतो, त्याला आमच्याकडे आणखी काय म्हणतात?

वरिष्ठांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि त्याचं डोकं?”

मी म्हणालो, धडावर आहे.

“म्हणजे राजा दुबळा आहे,” ते म्हणाले, आणि फडावर त्या दिवशी सगळ्यांना हुरूप आला. मलाही आला. पुण्याने काका-पुतण्यांची भाऊबंदकी पाहिलेली. एक बाजू वर गेली की दुसरी खाली, आणि खालच्या बाजूला हाताशी धरणारा शहाणा, हे आमचे राजकारण. टोपीकरांच्या घरातही भाऊबंदकी आहे म्हटल्यावर ते पहिल्यांदाच आम्हाला आपल्यासारखे माणूस वाटले. दादा कैदेत टाकला गेला तो थोरल्या पातीच्या कारभारात. मग मी मनातल्या मनात धाकट्या पातीचा झालो. माझ्या बापाने कधी विलायतेचे नाव घेतले नव्हते, आणि मी संध्येला बसलो की तिथल्या एका पक्षाचे भले चिंतीत असे.

आमच्याकडे कारभार पालटणे म्हणजे काय असते, हे पुण्यात वाढलेल्या माणसाला माहीत असतेच. पडलेला कारभारी किल्ल्यावर जातो आणि त्याने किल्ल्यावर घातलेले खाली येतात. नव्या कारभाऱ्याने त्यांच्यावर मेहरबानी केलेली नसते. जुन्याने ज्याला बेडी घातली तो नव्याचा आपोआप माणूस होतो, इतके ते सरळ आहे. लहानपणी मी हे पाहिले आहे. कारभार पालटल्याची कुणकुण पेठांत लागली की ज्यांचे कोणी सिंहगडावर, पुरंदरावर अडकलेले असे त्या घरांतून माणसे निघत. बरोबर धुतलेले कपडे, तेल आणि एक न्हावी. कैदेत हजामत होत नसे, आणि जटा वाढलेल्या माणसाला तसाच घरात घेत नसत. गडाच्या पायथ्याला त्याची हजामत व्हायची, अंघोळ व्हायची, आणि मग तो माणसांत यायचा. घरचे लोक कधी कधी हुकूम निघण्याच्या आधीच पायथ्याशी जाऊन बसत, आणि त्यांचे चुकत नसे.

एका वर्षी दसरा होऊन गेल्यावर मी संगमावर गेलो तर तो तरुण साहेब पायऱ्या उतरून समोर आला. एरवी तो मराठी शब्द शोधत शोधत बोले, त्या दिवशी शब्द त्याच्या पुढे धावत होते. विलायतेहून गलबत आले होते. थोरल्या पक्षाचा मुख्य कारभारी वारला, त्याचा पक्ष मोडला, आणि धाकटा पक्ष कारभारावर बसला. त्याचा बाप आता इकडच्या बाकावरून तिकडच्या बाकावर गेला होता. मी त्याला साखर देऊ केली. त्याला कारण कळले नाही, पण त्याने खाल्ली.

मी फडावर न जाता आधी घरी आलो. वहिनीला सांगितले. मला आठवते त्याप्रमाणे आयुष्यात पहिल्यांदा तिला टोमणा सुचला नाही. मग तिने पेटी उघडून दादाचा अंगरखा काढला, उजेडात धरला, आणि दोन्ही बाजूंनी शिवण आत घ्यायला बसली. तिकडे स्वतःच्या हाताने शिजवून खायचे म्हणजे अंग उतरलेच असणार, असे ती माझ्या बायकोला म्हणाली. अनारशांचे तांदूळ भिजत घातले. वरिष्ठांनी रजा दिली, एवढेच नव्हे तर सल्लाही दिला. मुंबईचा किल्ला झाला तरी किल्लाच, ते म्हणाले, आणि त्याचा पायथा म्हणजे पनवेल.

असा मी न्हाव्याला घेऊन बोरघाट उतरलो. आज हे लिहिताना मला हसू येते, पण ते बरे हसू नव्हे. अर्ध्या पृथ्वीपलीकडे दोन बाकांवरच्या माणसांनी जागा बदलल्या, आणि पुण्याचा एक शहाणासुरता कारकून धोपटी घेतलेला न्हावी बरोबर घेऊन खाडीच्या काठावर जाऊन बसला.

पनवेलच्या बंदरावर मचवे येत. मीठ उतरे, खजूर उतरे, बनातीचे तागे उतरत, माणसे उतरत. मी प्रत्येक मचव्यावरच्या तांडेलाला विचारी, किल्ल्यातले कैदी सुटले का. ते एकमेकांकडे पाहत. एकदा खांद्यापर्यंत केस आणि छातीवर दाढी असलेला उंच माणूस फळीवरून उतरला, आणि मी पाण्यात शिरलो. तो गोसावी निघाला. मागे वळून पाहिले तर न्हाव्याने वस्तरा काढून पाजळायला घेतला होता. बिचारा स्वस्थ बसून कंटाळला होता. पुढे त्याने बंदरावरच्या लोकांच्याच हजामती करायला सुरुवात केली, आणि आम्ही निघालो तोवर निम्मे बंदर तुळतुळीत झाले होते.

शेवटी किल्ल्यात लाकडे पोचवणारा एक तांडेल भेटला. त्याच्याबरोबर मी दादाला निरोप धाडला की कारभार पालटला आहे, तू कधी सुटतोस ते कळव. तो परतीच्या खेपेला उत्तर घेऊन आला. दादाने सांगितले होते की इथे काहीच पालटलेले नाही, पहाऱ्यावरच्या माणसांना तर ही गोष्ट माहीतही नाही. अंगावरचे कपडे विरले आहेत, काही पाठवता आले तर पाठव. मी तो अंगरखा तांडेलाच्या हाती दिला.

घरी आलो तेव्हा वहिनी दारातच होती. तिने माझ्या मागे पाहिले, मग न्हाव्याकडे पाहिले. मी सांगत होतो की हुकूम यायला वेळ लागतो, विलायत लांब आहे. ती म्हणाली, “हातपाय धुऊन घ्या भाऊजी, पाण्याला आधण आलंय.” अनारसे तिने त्याच दिवशी तळले आणि शेजारीपाजारी वाटून टाकले. घरात एकही ठेवला नाही.

मी दुसऱ्या दिवशी तडक संगमावर गेलो. मला संताप आला होता आणि तो मी लपवला नाही. साहेबाला विचारले की तुमच्या पक्षाचा कारभार आला, मग माझा भाऊ अजून आत कसा? तो खरोखरच गोंधळला. म्हणाला, तुमच्या भावाचा आणि कारभार पालटण्याचा काय संबंध? मी विचारले, बरे, पडलेल्या कारभाऱ्यांना कोणत्या किल्ल्यावर घातले आहे? तो म्हणाला, कोणत्याच नाही. ते आपापल्या घरी आहेत, रोज सभेला येतात आणि समोरच्या बाकावर बसतात. भांडण झाले की कधी कधी सगळे एकाच पंगतीला जेवतात. त्याच्या बापाचा जिवाभावाचा स्नेही थोरल्या पक्षाचा होता.

एका पंगतीला जेवतात हे मी त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतले. ज्याला मी भाऊबंदकी समजून बसलो होतो ते भलतेच काहीतरी होते.

मग मी त्याला खाली बसवले आणि म्हणालो, साहेब, आज मराठीचा धडा नको. तुमच्या दोन पक्षांत फरक काय तो मला नीट समजावून द्या. त्याने दिला, आणि त्यात लबाडी केली नाही. राजाचा शब्द चालावा की सभेचा, यावर त्यांची पिढ्यान्‌पिढ्या तेढ होती. थोरला पक्ष राजाचा मान सांभाळणारा, धाकटा राजाला आवरू पाहणारा. फरासीसांशी शेवटपर्यंत लढायचे असे थोरल्यांचे म्हणणे, बोलणी करून पाहावी असे धाकट्यांचे. त्यांच्याच धर्मात दोन पंथ आहेत, त्यांतल्या एका पंथाच्या माणसाला फौजेत मोठी नोकरी द्यावी की नाही यावर तर सभेत रणे माजत. मला ते सगळे समजले. आपल्याकडेही गंध उभे लावावे की आडवे यावरून माणसे बोलेनाशी होतात.

मी विचारले, आणि आमच्याबद्दल?

तो म्हणाला की मुलूख वाढवायला, दादाचा धनी हरला त्या मोठ्या युद्धाच्या आधी, दोन्ही पक्षांची सारखीच ना होती. तसा कायदाच होता. मग युद्ध झाले, मुलूख वाढला. ज्याने युद्ध केले त्या कलकत्त्याच्या लाटसाहेबाला थोरल्या पक्षानेच परत बोलावले, कारण खर्च फार झाला. धाकट्या पक्षाने सभेत सांगितले की ते युद्ध म्हणजे पाप होते. मी विचारले, मग आता पाप म्हणणारे कारभारावर आहेत, घेतलेला मुलूख परत देणार? तो म्हणाला, नाही. मी विचारले, आमच्या गावाबाहेरची पलटण काढणार? तो म्हणाला, नाही, तसे कोणीच म्हणत नाही.

“मग फरक काय साहेब? आमच्यापुरता सांगा.”

त्याने नजर नदीकडे वळवली. मग म्हणाला, “आमच्या पक्षाला तुमच्या लोकांबद्दल फार वाईट वाटतं.”

“आणि त्या पक्षाला?”

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. “कमी,” तो म्हणाला.

परत येताना मला कळून चुकले की आमच्या वरिष्ठांनी नाव बरोबर दिले होते, फक्त अर्थ चुकीचा लावला होता. ते भाऊच होते, पण वाटणी न झालेले. घरात दोघे उभा दावा मांडतील, चूल वेगळी करतील, अंगणात एकमेकांचे बाप काढतील. शेत मात्र सामाईक, आणि शेताच्या बांधावर परका उभा राहिला की दोघे मिळून बाहेर येतील. पुण्यातली भाऊबंदकी दौलत मोडते म्हणून ज्यांना आम्ही आपल्यासारखे समजलो, त्यांची भाऊबंदकी दौलत सांभाळत होती.

हे मी फडावर लिहून दिले. दोन्ही पाती आपल्या बाबतीत एकच आहेत, कोणावरही भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, असा मजकूर. वरिष्ठांनी तो मला परत दिला. म्हणाले, “फरक असलाच पाहिजे. तुम्ही पुन्हा जाऊन शोधा.” त्यांना राग आला नव्हता, ते घाबरले होते. फरक नाही म्हटले की दरबाराकडे करण्यासारखे काही उरत नाही, हे त्यांना माझ्या आधी कळले. मग मी पंथांच्या आणि राजाच्या गोष्टी सविस्तर लिहून दिल्या, आणि फडावर त्या फार आवडीने वाचल्या गेल्या. पेठेत आज जो तो मला पाती विचारतो, त्याचे मूळ त्या लिखाणात आहे.

त्या तरुण साहेबाच्या मनाला मात्र माझा प्रश्न लागला असावा. त्याने बापाला दादाबद्दल लिहिले. पुष्कळ दिवसांनी उत्तर आले, ते त्याने मला मराठीत करून सांगितले. त्याच्या बापाने प्रकरण कारभाऱ्यांच्या कानावर घातले होते. कारभाऱ्यांना अतिशय... इथे तो अडला, दोन-तीन शब्द चाचपून पाहिले, शेवटी मीच म्हणालो, खेद. हां, खेद झाला होता. परंतु इतक्या दूरच्या बाबतीत इथल्या अधिकाऱ्यांचे हात बांधणे योग्य नव्हे, म्हणून निकाल कलकत्त्यावर सोपवला होता. कलकत्त्याने विलायतेवर सोपवला होता तो असा फिरून कलकत्त्याला आला. वाटाण्याच्या अक्षता कोणी इतक्या अदबीने लावलेल्या मी पाहिल्या नव्हत्या.

घरी मी ते जसेच्या तसे सांगितले. वहिनी म्हणाली, “खेद कशाला व्हावा त्यांना? त्यांचं काय गेलं?”

पुढल्या पावसाळ्यानंतर गलबतांनी आणखी बातम्या आणल्या, दोन एकदमच. धाकटा पक्ष पडला होता, त्याच पंथाच्या नोकऱ्यांवरून राजाशी बिनसून, आणि थोरला पुन्हा कारभारावर आला होता. पण जाता जाता धाकट्याने एक मोठा कायदा करून ठेवला होता: हबशी माणसांना धरून, गलबतांत कोंबून विकायला नेण्याचा जो त्यांच्याकडे धंदा चाले, तो बंद. हे सांगताना साहेबाचे डोळे भरून आले. मीही त्याला मनापासून बरे म्हटले. माणसे विकायची नाहीत असे ठरवणारे लोक अगदीच टाकाऊ नसतात, आणि तो फरक खरा होता, हे मी आजही म्हणतो. हजारो मैलांवरच्या, कधी न पाहिलेल्या माणसांसाठी त्यांनी ते केले होते.

वहिनीला मी हे जरा उत्साहानेच सांगितले. ती तांदूळ निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, “म्हणजे तिकडच्या स्वारीला कुणी विकलं असतं तर सुटका झाली असती. नुसतं धरून ठेवलंय, ही अडचण.”

मग थोड्या वेळाने तिने मान वर केली. त्या वेळी तिच्या बोलण्यात धार नव्हती. “आता पुन्हा पहिल्यांचा कारभार आला ना? मग पनवेलला जायचं का?”

मी तिला समजावून सांगायला बसलो. पाती म्हणजे आपल्यासारख्या पाती नव्हेत, पडलेला कारभारी त्यांच्यात किल्ल्यावर जात नाही आणि किल्ल्यावरचा उतरत नाही, आपल्या बाबतीत हे आणि ते एकच. संगमावर मला जे कळले होते ते सगळे मी ओतले. ती लक्ष देऊन ऐकत होती. माझे संपल्यावर म्हणाली, “दोन्ही सारखेच असतील तर मग मी कशाची वाट बघायची?”

मी म्हणालो, वाट पाहू नका वहिनी. ती बरे म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली. त्यानंतर मी संगमावरून आलो तरी तिने काही विचारणे सोडून दिले. सोयऱ्यांची चौकशी नाही, टोमणा नाही. ताट वाढी, देवाला फुले काढी, सण आला की नावापुरते करी. कुंकू रोज लावी. माझी बायको म्हणे, त्यांनी मनाची समजूत घातली आहे, आता तुम्ही विषय काढू नका. मी काढला नाही. मला वाटले, चला, निदान एवढे तरी माझ्या शहाणपणाने साधले, की घरातले एक माणूस खोट्या आशेतून सुटले.

काही वर्षे अशी गेली. थोरल्या पातीचा कारभार चालूच होता. तो साहेब आता तरुण राहिला नव्हता. मराठी सफाईने बोले, आणि शब्द शोधायला मुनशी लागत नसे. एका दुपारी त्याने मला बोलावून घेतले, खुर्चीवर बसवले, आणि दादा तापाने गेल्याचे सांगितले. मुंबईच्या ब्राह्मणांनी समुद्रकाठी सगळे यथासांग केले होते, याची त्याने आवर्जून चौकशी करून ठेवली होती. त्याला खरोखर वाईट वाटत होते, त्यात तसूभर खोट नव्हती, आणि त्याचा मला इतका राग आला की मी निरोप न घेता उठलो.

नदीच्या काठाकाठाने घरी आलो. वाटेत कोणी हाका मारल्या असतील, मी थांबलो नाही. वहिनीला कसे सांगायचे याची वाक्ये जुळवत होतो आणि एकही पुरे होत नव्हते. ती ओटीवर बसून सुपात गहू पाखडत होती. मला अवेळी आलेला पाहून तिचे हात थांबले. ती उठून उभी राहिली, पदर सारखा केला, आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागली. तिचा चेहरा असा मोकळा झालेला मी त्या अंगरख्याच्या दिवसानंतर पाहिला नव्हता.

“पालटला का हो भाऊजी तिकडचा कारभार?” तिने विचारले.

मी नाही म्हणालो.

“असू दे. पालटेल,” ती म्हणाली, आणि खाली बसून पुन्हा सूप हातात घेतले.

मी तिच्या शेजारी ओटीवर बसलो, सूप तिच्या हातातून काढून बाजूला ठेवले, आणि सांगितले.